वाचक विचारतात : तंबूतला मुक्काम आणि त्याआधीची बांधाबांध

प्रश्न : डिसेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे आणि सहा व दहा वर्षांची आमची दोन मुले स्वतःच्या गाडीने भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहण्यासाठी जाणार आहोत. ही आमची पहिलीच वेळ आहे. चार माणसांचा तंबू विकत घ्यावा का, आणि बरोबर काय काय न्यावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तंबू विकत घेण्याची घाई करू नये. मुंबई, ठाणे आणि पुणे येथे गिर्यारोहणाचे साहित्य विकणारी काही दुकाने तंबू, कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची पातळ गुंडाळी) आणि स्लीपिंग बॅग भाड्यानेही देतात. पहिल्या मुक्कामाला तेवढे पुरते. वाचलेले पैसे अंथरुणावर खर्च करावेत, कारण तंबूतल्या रात्रीची झोप तंबूच्या किमतीपेक्षा पाठीखाली काय आहे यावरच अधिक अवलंबून असते.

आपण ज्या भागात जात आहात तिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली येणे नवलाचे नाही. ठाण्यातल्या हवेची सवय असलेली माणसे अशा वेळी पांघरुणे वाढवत नेतात आणि तरीही कुडकुडत राहतात. गार जमीन खालून अंगातली ऊब शोषून घेते, हे त्याचे कारण आहे. स्लीपिंग बॅगेतला कापूस किंवा तंतू फुगलेला असतो तोवर त्यात हवा अडकते आणि ऊब टिकते, पण अंगाच्या भाराने तो खालच्या बाजूला चपटा होतो व तिथे बॅगेचा उपयोग जवळजवळ संपतो. म्हणून प्रत्येकासाठी फोमची कॅरीमॅट हवीच, आणि गाडी बरोबर असल्याने वजनाची चिंता नसल्यामुळे तिच्याखाली सतरंजी किंवा जुनी घोंगडीही अंथरावी. त्या पट्ट्यात भाताची कापणी दिवाळीच्या मागेपुढे उरकलेली असते. ज्यांच्या जागेत उतराल त्यांच्याकडे पेंढा मागून तंबूखाली पातळ थर पसरता आला, तर त्याहून चांगली गादी नाही. हवा भरून फुगवायचे जाड पलंग दिसायला ऐसपैस असतात, मात्र त्यांच्या पोकळीतली हवा जमिनीच्या संपर्काने थंड होऊन आतल्या आत फिरत राहते. उन्हाळ्यात ते ठीक आहेत, थंडीत मात्र ते घरीच ठेवावेत.

स्लीपिंग बॅग भाड्याने घेताना तिच्या चिठ्ठीवरचे आकडे पाहावेत. चांगल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तीन अंश दिलेले असतात. दुकानदार बहुधा शेवटचा, म्हणजे सर्वांत कमी असलेला आकडा सांगतो. पण तो झोपेचा आकडा नव्हेच, त्या तापमानाला माणूस कसाबसा तग धरील एवढाच त्याचा अर्थ असतो. आपण केवळ ‘कम्फर्ट’ पाहावा आणि तो पाच अंशांच्या आसपास असलेली बॅग घ्यावी. मुलांना मोठ्यांच्या बॅगेत झोपवणार असाल तर पायांकडचा रिकामा भाग दुमडून सुतळीने बांधावा, नाहीतर ती सगळी पोकळी मुलांना आपल्याच अंगच्या उबेने तापवावी लागते.

आता तंबूविषयी. तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या ही खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांची असते आणि त्यात सामानाचा विचार केलेला नसतो. चौघांच्या तंबूत दोन मोठी माणसे, दोन लहान मुले आणि चार सॅक कशाबशा मावतील. सहा जणांचा मिळाला तर तोच घ्यावा. तंबूला दोन आवरणे असावीत, म्हणजे आत जाळीचा किंवा कापडाचा तंबू आणि त्यावर खालपर्यंत उतरणारे वेगळे पाणरोधक आवरण. डोक्यावर टोपीसारखा इवलासा तुकडा असलेले तंबू स्वस्त पडतात, पण दंव पडणाऱ्या रात्री ते उपयोगाचे नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी हा तंबू सोसायटीच्या आवारात मातीवर एकदा पूर्ण उभा करून पाहावा आणि त्या वेळी मुलांनाही हाताशी घ्यावे. गच्चीवर हे काम होत नाही, कारण तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत आणि नेमकी तीच गोष्ट शिकायची असते. तंबूच्या काठ्या आतून लवचीक दोरीने जोडलेल्या तुकड्यांच्या असतात. त्या कापडी नळीतून नेहमी ढकलत न्याव्यात. ओढल्या तर सांधे आतच सुटतात आणि मग कापडातून चाचपत एकेक तुकडा जुळवत बसावे लागते. काठ्या फायबरच्या असतील तर त्यांवरून फडके फिरवून उभी चीर कुठे अडकते का ते पाहावे, बोट फिरवू नये, कारण त्याची कुसळे फार झोंबतात. तंबूबरोबर येणाऱ्या तारेसारख्या बारीक खुंट्या डिसेंबरातल्या वाळून कडक झालेल्या खाचरात किंवा मुरमाड जमिनीत पहिल्याच घावाला वाकतात. लोखंडी दुकानातून वीतभर लांबीच्या जाड खुंट्या डझनभर आणि एक लहान हातोडी घ्यावी. खुंटी ठोकताना तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले असावे, आणि जिथे कातळच लागेल तिथे तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, मोठ्या दगडांना बांधावेत. त्यासाठी दहा-पंधरा मीटर नायलॉनची दोरी जादा ठेवावी.

कपड्यांबाबत एकच नियम कसोशीने पाळावा. झोपायचे कपडे, म्हणजे गरम बनियन, लोकरी मोजे, स्वेटर आणि कानटोपी, हे प्रत्येकाच्या नावाने वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत आणि झोपायच्या वेळेखेरीज काढू नयेत. दिवसभर अंगावर असलेले सुती कपडे घामाने ओलसर झालेले असतात आणि ते घालून झोपले की कितीही पांघरले तरी मध्यरात्री हुडहुडी भरते.

बाकीचे सामान किती घेतले यापेक्षा ते गाडीत कसे भरले याला महत्त्व आहे. तंबू, हातोडी, ताडपत्री आणि हेडटॉर्च डिकीत सर्वांत शेवटी, म्हणजे अगदी वर ठेवावेत. हेडटॉर्च प्रत्येकी एक असावा. एका हाताने मोबाइलचा उजेड धरून दुसऱ्या हाताने खुंटी ठोकता येत नाही, आणि थंडीत मोबाइलची बॅटरीही लवकर उतरते. पिण्याचे पाणी दर माणशी दररोज चार लिटर या हिशेबाने घरूनच भरून घ्यावे. ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी असा रस्ता आहे. राहिलेली किरकोळ खरेदी घोटीच्या बाजारात उरकता येते, पण चारच्या आत मुक्कामाला पोहोचावे, कारण या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर अंधार व गारठा दोन्ही झपाट्याने येतात.

जागा आधी फोनवर ठरवून जावे, हे शेवटी सांगत असलो तरी करायचे पहिले काम तेच आहे. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. तिथे मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. गावकऱ्यांच्या खाजगी जागेत रीतसर पैसे देऊन उतरावे. तिथे शौचालयाची सोय असते, पिठले-भाकरी मिळते आणि रात्री काही अडले तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. लहान मुले बरोबर असताना याहून अधिक साहसाची गरज नाही.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात घेतलेला आमचा तंबू पाऊस नसतानाही पहाटे आतून ओला होतो आणि थेंब अंगावर पडतात. दुकानदार म्हणतो, तंबू गळत नाही. मग हे पाणी येते कुठून?
– एक वाचिका, चिंचवड

उत्तर : दुकानदार बहुधा खरे सांगत असावा. हे पाणी आपल्याच श्वासातले आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर वाफ बाहेर पडत असते, आणि तिघे-चौघे मिळून ती अर्ध्या लिटरहून अधिक सहज होते. निरभ्र रात्री तंबूचे वरचे कापड आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि ती वाफ त्याच्यावर दंवासारखी साकळते. थंडी वाजते म्हणून लोक तंबूच्या खिडक्या आणि वरची झडप घट्ट लावून घेतात, त्यामुळे वाफ अडकून हा प्रकार दुप्पट होतो.

वरची झडप रात्रभर उघडीच ठेवावी आणि दाराची चेन वरच्या बाजूने चार बोटे उघडी ठेवून आतली जाळी मात्र बंद करावी. थोडा गारवा वाढेल, पण कोरड्या अंथरुणातला गारवा ओल्या अंथरुणातल्या उबेपेक्षा कधीही बरा. वरचे आवरण तणाव्यांनी असे ताणावे की ते आतल्या कापडाला कुठेही टेकणार नाही. जागाही महत्त्वाची आहे. तलावाच्या अगदी काठाला आणि खोलगट भागात थंड, ओलसर हवा साचते, म्हणून दहा-वीस पावले वर चढून तंबू लावावा. छायाचित्राला काठावरचा तंबू अधिक शोभतो, हे खरे आहे. ओले टॉवेल आणि मोजे आत वाळत घालू नयेत.

खात्री करायची असेल तर दिवसा रिकाम्या तंबूवर बादलीभर पाणी सावकाश ओतून आत शिवणींवरून हात फिरवावा. ओल शिवणीच्या रेषेतच लागली तर ती गळती आहे आणि शिवणीवर लावायचा गोंद मिळतो, तो लावून घ्यावा. घरी परतल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवूनच घडी करावी. दमट घडी केलेल्या तंबूला बुरशी लागते आणि त्याचा पाणरोधक लेप चिकट होऊन सुटू लागतो.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातले पाच मित्र रेल्वेने आणि पुढे एसटीने जाणार आहोत. लहान गॅसची शेगडी बरोबर नेता येईल का? रात्री फार थंडी वाजली तर घमेल्यात निखारे घेऊन तंबूत ठेवले तर चालतील का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. ज्वाळा विझून लाल झालेले निखारे निरुपद्रवी वाटतात, पण कोळसा अपुऱ्या हवेत धुमसताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले होते. तंबू तर त्या खोलीपेक्षा कितीतरी लहान असतो. शिवाय नायलॉनला ठिणगी लागली तर ते वितळत अंगाला चिकटते. थंडी वाजलीच तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी घ्यावी.

शेगडीबाबत सांगायचे तर, नुसती रिकामी शेगडी नेण्यास हरकत नाही, प्रश्न तिच्या गॅसच्या डब्याचा आहे. रेल्वेतून ज्वालाग्राही वस्तू नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वये दंडनीय गुन्हा आहे, आणि एसटीतही अशा वस्तू नेऊ देत नाहीत. सॅकच्या तळाशी लपवून नेण्याचा सल्ला देणारे मित्र असतातच, त्यांचे ऐकू नये. दोन दिवसांसाठी शेगडीची गरजही नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सुकी भेळ आणि गूळ-शेंगदाणे एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात, आणि रात्रीचे गरम जेवण व सकाळचा चहा गावात एखाद्या घरी आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवता येतो. उरलेले अन्न तंबूत उघडे ठेवू नये. त्यावर उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागावर साप.

साप म्हटले की धीर सुटतो, म्हणून दोन वाक्ये. जमिनीवर झोपलेल्या माणसाला धोका प्रामुख्याने रात्री फिरणाऱ्या मण्यारीचा असतो, म्हणून तंबूच्या जाळीची चेन कायम बंद, बूट आत आणि बाहेर पाऊल टाकताना हातात विजेरी, एवढे पाळावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता त्या अवयवाची हालचाल थांबवून १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठावे, आणि ते कुठे आहे हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

प्रश्न : मे अखेरीस काजवे पाहायला जायचे आहे. तयारी हिवाळ्यासारखीच करायची का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही. उबदार अंथरुणाची गरज त्या वेळी जवळजवळ उरत नाही, एक चादर पुरते. तेव्हा चिंता वळवाच्या पावसाची, सोसाट्याच्या वाऱ्याची आणि विजेची असते. तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही, आणि एकट्या उंच झाडाखाली लावलेला तंबू तर धोका वाढवतोच. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जाऊन बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. म्हणून त्या दिवसांत गाडी तंबूपासून लांब उभी करू नये. एक मात्र आवर्जून करावे : विजेरीच्या काचेवर लाल पारदर्शक कागद लावावा आणि काजव्यांनी भरलेल्या झाडाजवळ तीही बंद करावी, कारण प्रखर उजेडात काजव्यांचे लुकलुकणे मंदावते आणि आपल्या मागे उभ्या असलेल्यांनाही काही दिसत नाही.