काच माळ्यावरून खाली काढा

(सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला. काचेवर वाळू पसरून, खालून दिवा लावून, मोबाईलवर एकेक फोटो काढत तिने ४० सेकंदांची फिल्म केली. सीईटी होईपर्यंत वडिलांनी ती काच माळ्यावर टाकली. तिला इंजिनिअरिंग पटवून द्या, नाहीतर नोकरीची हमी देणारा अ‍ॅनिमेशनचा कोर्स सुचवा, असं ते लिहितात. ‘काहीच नाही जमलं तर कॉलेजात शिकवेल.’)

नमस्कार,

पत्रात दहावीपासूनचे मार्क विषयवार दिलेत. फिल्ममध्ये काय आहे, याची मात्र एक ओळही नाही. तुम्ही ती पाहिलीत का? मला काळजी वाटली ती याची, मार्कांची नाही.

सेकंदाला १२ चित्रं धरली तर ४० सेकंदांची ४८० होतात. वाळूत पुढचं चित्र काढायचं तर आधीचं मोडावं लागतं. चुकलं तर मागे जायची सोय नाही. अभ्यास सांभाळून मुलगी हे करते आणि तुम्ही त्याला ‘वाळूत खेळणं’ म्हणता! अ‍ॅनिमेशन फिल्म करणाऱ्या कॅरोलिन लीफ यांनी हार्वर्डमध्ये शिकताना अशाच वाळूपासून सुरुवात केली. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात त्यांनी नाव कमावलं आणि नंतर हार्वर्डमध्येच शिकवलंही.

‘काहीच नाही जमलं तर शिकवेल’ हे तर साफ चूक. या क्षेत्रात शिकवायला उभं राहायचं तर आधी स्वतःचं काम दाखवावं लागतं. नीना सबनानी यांनी अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात वर्षानुवर्षं शिकवलं आणि फिल्मही करत राहिल्या. ‘टांको बोले छे’ (२००९) मध्ये कच्छच्या कारागिरांचं कापडावरचं भरतकामच हलतं, बोलतं. चित्रं काढलेली लाकडी पेटी उघडत गोष्ट सांगायच्या राजस्थानच्या कावड परंपरेवर त्यांनी पीएचडी केली. अशा फिल्मवर घर चालणं अवघड, हे खरं. म्हणूनच अनेक जण पगारासाठी शिकवतात आणि फिल्म विकाऊ करायची सक्ती स्वतःवर येऊ देत नाहीत. शिकवायच्या जागा मात्र थोड्या असतात, हे तिलाही सांगा.

परीक्षा म्हणाल तर बारावीनंतर एनआयडीची प्रवेश परीक्षा आणि यूसीड (आयआयटीसारख्या संस्थांतल्या डिझाइनच्या पदवीसाठी), पदवीनंतर सीड (डिझाइनच्याच पदव्युत्तर शिक्षणासाठी). सीईटीही देऊ दे, हरकत नाही. हमीवाल्या कोर्सची लाखांची फी मात्र आत्ता भरू नका.

आज ती काच खाली काढा, स्वतः पुसून तिच्या हातात द्या. मग फिल्म तिच्या शेजारी बसून बघा. पुढच्या पत्रात मार्क नकोत; त्या ४० सेकंदांत काय घडतं, ते कळवा.