शिन्चूची नोकरी घ्यावी का? युद्धाच्या भीतीबद्दल सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तैवानमधल्या शिन्चूच्या सायन्स पार्कमधून चिप डिझाइनची ऑफर आली आहे, करार तीन वर्षांचा आहे, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत. घरचे म्हणतायत, चीन आज ना उद्या तैवानवर चालून जाणार, तिथे लेकरू घेऊन कशाला जातोस. "ताई, तू तिथे नऊ वर्षं आहेस, खरं काय ते सांग," असं तू लिहिलंस. सांगते. पण "काही होत नाही रे, ये बिनधास्त" म्हणून मोकळी होणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना असाच धीर दिला जात होता. त्यांचे पुढे काय हाल झाले ते मी विसरलेले नाही.

आधी बातम्यांचं. "आज इतकी चिनी विमानं तैवानजवळ" हा आकडा इथलं संरक्षण मंत्रालय रोज जाहीर करतं, आणि इथे तो हवामानाच्या अंदाजासारखा वाचला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैपेईला येऊन गेल्यावर चीनने बेटाला चहूबाजूंनी घेरून सराव केला. काही क्षेपणास्त्रं बेटाच्या वरून गेली, पाच जपानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पडली. त्या आठवड्यात घरून मला दिवसाला चार फोन यायचे. इथे मात्र संध्याकाळी कचऱ्याची गाडी पियानोची धून वाजवत आली की शेजारपाजारचे लोक नेहमीसारखे पिशव्या घेऊन खाली उभे. लोक धीराचे आहेत की नुसते सरावलेत, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. काळजी वाटते ती या सरावण्याचीच. चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीच्या मधोमध एक अलिखित मध्यरेषा होती, दोन्हीकडची विमानं अनेक दशकं ती सहसा ओलांडत नसत. त्या ऑगस्टनंतर ती रेषा जवळजवळ पुसली गेली. मोठे सराव त्यानंतरही झाले, २०२४ मध्ये दोन आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा एक. दर वेळी जहाजं थोडी आणखी जवळ येतात. हा सराव आहे की हल्ल्याची सुरुवात, हे ओळखायला मिळणारा वेळ त्यामुळे कमी कमी होत चाललाय.

चुकीचं वाचणं किती सोपं असतं ते मी एकदा अनुभवलंय. ९ जानेवारी २०२४ ची दुपार, तीनच्या सुमारास ऑफिसातले सगळे फोन एकदम किंचाळले. राष्ट्रपतिपदाची निवडणूक चार दिवसांवर होती. माझ्या स्क्रीनवर इंग्रजीत होतं: क्षेपणास्त्र तैवानच्या हवाई हद्दीवरून जात आहे, सावध राहा. माझे हात गार पडले. बॅग उचलून मी जिन्याकडे निघाले, तर शेजारच्या डेस्कवरची बाई शांतपणे कोड तपासत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि चिनी मजकुरातल्या एका शब्दावर बोट ठेवलं: उपग्रह. चीनने एक वैज्ञानिक उपग्रह सोडला होता, इंग्रजी भाषांतर चुकलं होतं. अर्ध्या तासात सगळं निवळलं. पण ती चार-पाच मिनिटं माझ्या अंगात अजून आहेत. माझ्या हातात फक्त एक बॅग होती. ज्याच्या हातात क्षेपणास्त्रांची तुकडी असते, त्याला खात्री करून घ्यायला मिळणारा वेळ एवढाच असतो.

मोठी युद्धं बहुतेकदा अशीच घरंगळत येतात. १९१४ घे. २८ जूनला साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला, मध्ये अवघे सदतीस दिवस. पहिले तीन आठवडे तर युरोपातले कितीतरी लोक सुट्टीवर होते. मग २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, ३० जुलैला रशियाने सगळं सैन्य जमवायचा हुकूम काढला, आणि तिथून पुढे राजे आणि मंत्री यांच्या मागे रेल्वेचं वेळापत्रक लागलं. जर्मनीचा बेत असा होता की रशिया तयार व्हायच्या आत फ्रान्सला लोळवायचं. त्यामुळे रशियाचा एकेक दिवस म्हणजे जर्मनीचं नुकसान. १ ऑगस्टला कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ऐन वेळी विचारलं, सैन्य फक्त पूर्वेकडे वळवता येईल का. सेनापती मोल्टके म्हणाला, लाखो माणसांची हालचाल अशी उभ्या उभ्या बदलता येत नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपण फक्त बचावाची तयारी करतोय, आणि समोरच्याला ती तयारी हल्ल्याची दिसत होती.

इथेही तेच जाळं आहे. चीनने मार्च २००५ मध्ये कायदाच करून ठेवलाय की तैवान फुटून निघाला तर बळ वापरू. अमेरिका १९७९ च्या कायद्याने तैवानला शस्त्रं देते, पण स्वतः लढायला येईल की नाही हे मुद्दाम धूसर ठेवते. तैवानने जानेवारी २०२४ पासून सक्तीची लष्करी सेवा चार महिन्यांवरून एक वर्ष केली. यातलं प्रत्येक पाऊल ज्याचं त्याला रास्त वाटतं, आणि माघार घेतली तर घरच्याच लोकांपुढे नाक कापलं जातं.

पण घरंगळणं थांबतं, याचेही दाखले आहेत. १ एप्रिल २००१ ला हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळली. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे चोवीस जण चीनमध्ये उतरले. अकरा दिवस घासाघीस झाली, खेद व्यक्त करणारं शब्द तोलूनमापून लिहिलेलं पत्र गेलं, माणसं सुखरूप परत आली. कारण दोन्हीकडे बोलणारं कुणीतरी होतं. म्हणूनच ऑगस्ट २०२२ मध्ये चीनने अमेरिकेशी लष्करी पातळीवरची बोलणी तोडली तेव्हा मला क्षेपणास्त्रांपेक्षा त्याची जास्त धास्ती वाटली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग भेटले तेव्हा कुठे ती पुन्हा सुरू करायचं ठरलं.

इथे आलास की एकदा किन्मेनला जा. चीनच्या किनाऱ्यापासून अगदी काही किलोमीटरवर असलेलं हे बेट तैवानच्या ताब्यात आहे. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत त्यावर सुमारे पावणेपाच लाख तोफगोळे पडले. पुढे १ जानेवारी १९७९ पर्यंत तोफा एक दिवसाआड धडधडत, आणि त्यातले बरेच गोळे प्रचारपत्रकं भरलेले असत. म्हणजे शत्रू असूनही "एवढंच, याच्या पुढे नाही" हे दोघांना एकमेकांना कळवता येत होतं. तिथला लोहार अजून त्या गोळ्यांच्या सुऱ्या करतो. गंजलेल्या कवचाचा हाताएवढा तुकडा गॅसने कापतो, भट्टीत लाल करतो आणि यांत्रिक घणाखाली धरतो. माझ्या स्वयंपाकघरात त्यातली एक आहे. भाजी चिरताना कधीकधी मध्येच हात थांबतो.

आता मोठं युद्ध झालंच तर ते कसं असेल. बेटावर सैन्य उतरवणं महाकठीण. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीही सुमारे १३० किलोमीटर आहे, हिवाळ्यात ईशान्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेली आणि उन्हाळ्यात वादळांची. उतरण्याजोगे किनारे मोजकेच, मागे लगेच शहरं नाहीतर डोंगर. १९४४ मध्ये अमेरिकेनेही जपानकडून हे बेट घ्यायची योजना आखली होती आणि सोडून दिली. मला जास्त शक्य वाटते ती नाकेबंदी. तैवानची सुमारे ९६ टक्के ऊर्जा बाहेरून येते. वीज निम्म्याच्या आसपास गॅसवर चालते, आणि गॅसचा साठा दीडेक आठवड्याचा असतो. कोळसा महिनाभर पुरतो. नाकेबंदीसाठी प्रत्येक जहाज बुडवावं लागत नाही. विमा कंपन्यांनी युद्धजोखमीचा हप्ता वाढवला की जहाजमालक आपणच तोंड फिरवतात, काळ्या समुद्रात २०२२ मध्ये तेच झालं. इंटरनेटचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तैवानच्याच ताब्यातल्या मात्सू बेटांच्या दोन्ही समुद्री केबल आठवड्याभरात तुटल्या आणि तिथले लोक मार्चअखेरपर्यंत रखडत्या नेटवर जगले.

आणि हे प्रकरण लवकर आटपेल असं धरून चालू नकोस. १९१४ मध्ये सगळ्यांना वाटलं होतं की नाताळपर्यंत घरी. १९१५ मध्ये ब्रिटनला तोफगोळे पुरेनात. शंभर वर्षांनी युक्रेनमध्ये पुन्हा तोफगोळ्यांचीच मोजदाद सुरू झाली, वर ड्रोन आले. पहिले काही तास अचूक क्षेपणास्त्रांचे असतात, धावपट्ट्या, रडार, दळणवळण. शिन्चूत हवाई दलाचा मिराज विमानांचा तळ आहे, तो सायन्स पार्कपासून फार लांब नाही. घर बघताना हे ध्यानात ठेव. त्यानंतर मात्र प्रश्न कारखान्यांचा आणि माणसांचा होतो, आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

मग लक्ष कशावर ठेवायचं? विमानांच्या आकड्यावर नको. उगाच धाक दाखवायला न परवडणाऱ्या गोष्टींवर ठेव. जानेवारी २०२२ च्या अखेरीला बातमी आली की रशियाने सीमेवर जखमींसाठी रक्ताचा साठा हलवलाय. सरावाला रणगाडे लागतात, रक्त साठवावं लागत नाही. इथल्यासाठी माझी यादी अशी: चीनने मोटारी वाहणाऱ्या नागरी फेरी बोटी एकाच वेळी धंद्यातून काढून घेणं, किनाऱ्यावर उतरण्यासाठी बनवलेले लांब पुलांचे तराफे तैवानसमोरच्या फुजियान प्रांताकडे सरकणं (ते २०२५ च्या सुरुवातीला ग्वांगझूच्या गोदीत दिसले होते), सैनिकांच्या रजा आणि निवृत्त्या थांबणं, जहाजांचे विमे एकदम महागणं, आणि दूतावासांनी आपल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं गुपचूप परत पाठवणं. यातल्या दोन गोष्टी एका महिन्यात दिसल्या तर थांबायचं नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या सुमाराला समुद्र जरा निवांत असतो, तेव्हा मी जास्त जागरूक असते.

युक्रेनमधल्या मुलांना भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारीला तात्पुरतं निघायला सुचवलं होतं. कुणाची हजेरी अडली, कुणाचं तिकीट महाग पडलं, कुणाला वाटलं आठवडाभर बघू. २४ तारखेला पहाटे आकाशच बंद झालं. तरी ती मुलं थंडीत कित्येक किलोमीटर चालत पोलंड, रोमानियाच्या सीमेवर पोचू शकली. तैवानला चालत ओलांडायची सीमा नाही. विमानतळ बंद झाला की आहेस तिथेच. म्हणून निघायची रेषा आजच, डोकं थंड असताना, नवरा-बायकोने मिळून कागदावर लिहायची. आमच्या घरी ती लिहिलेली आहे: दोन खुणा दिसल्या की लेक आणि तिचे बाबा पहिल्या मिळेल त्या विमानाने, मी एका आठवड्यात. तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही.

बाकी व्यवहाराचं पटकन सांगते. भारताचा इथे दूतावास नाही, तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन आहे. आल्या आठवड्यात तिघांची नोंदणी कर. आयुर्विमा आणि आरोग्य विम्याची कागदपत्रं वाच, युद्ध बहुधा वगळलेलं असतं. घराजवळच्या इमारतीवर हवाई हल्ल्याच्या निवाऱ्याची पाटी शोध, बहुतेक वेळा ते तळघरातलं पार्किंगच असतं. एकदा मुलीला घेऊन तिथपर्यंत खेळत खेळत चालून ये. वर्षातून एकदा सायरनचा सराव होतो, अर्धा तास रस्ते रिकामे होतात, फक्त सिग्नलचे दिवे आपले बदलत राहतात. लहान मुलं घाबरतात, तिला आधी सांगून ठेव. पाणी, औषधं, पॉवरबँक हे तर भूकंपासाठीही लागतंच.

माझं मत विचारलंस तर ये. १९५४, १९५८, १९९६, २०२२, इतक्या वेळा वात पेटली आणि विझवली गेली, आणि या युद्धात जिंकणाऱ्याच्याही हाती राख येईल हे बीजिंगला कळतं. काम उत्तम आहे, माणसं मायाळू आहेत, मुलीचं बालपण सुरक्षित रस्त्यांवर जाईल. पण सही करण्याआधी कंपनीला दोन गोष्टी ईमेलवर विचार: परिस्थिती बिघडली तर कुटुंबाला परत पाठवायचा खर्च कोण करणार, आणि मी भारतातून काम केलं तर नोकरी टिकेल का. माझ्या पहिल्या कंपनीने तोंडी "बघू" म्हटलं होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये त्या "बघू"चा काही उपयोग झाला नाही. उत्तर लेखी आलं की मला पाठव, कलमं आपण दोघं मिळून वाचू.