चौथीतल्या मुलीला शाळेतल्या ‘वाढतं वय’ सत्राला पाठवावं का?

हो, पाठवा. संमतीपत्रावर सही करा आणि जमलं तर आधीच्या पालकसभेलाही जा.

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेनऊ वर्षांची आहे, शाळा मुलगे-मुली एकत्र बसवून वयात येतानाच्या बदलांवर सत्र घेणार आहे आणि सासूबाई म्हणतात, एवढ्यात हे कशाला डोक्यात भरायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते आणि हा विषय दर वर्षी वर्गात घेते. सासूबाईंची काळजी मला कळते, पण शरीर आपल्या सोयीने थांबत नाही. मुलींमध्ये बदलांना ८ ते १३ या वयात कधीही सुरुवात होते, मुलग्यांमध्ये ९ ते १४ च्या दरम्यान. मुलीला बहुतेक वेळा पहिल्यांदा जाणवते ती स्तनाग्राखाली छोटी, दुखरी गाठ, आणि तीही पुष्कळदा एकाच बाजूला. हे आधी माहीत नसलेली मुलगी किती घाबरत असेल याचा विचार करा. काही मुली महिनोन् महिने कुणाला सांगत नाहीत, खेळाच्या तासाला दप्तर छातीशी धरून कोपऱ्यात बसून राहतात. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे चौथीत गाठ आणि सहावीत पाळी, हे अगदी सर्वसाधारण आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकात मासिक पाळीची सविस्तर माहिती मात्र दहावीच्या विज्ञानात येते. तोवर तिला कोण सांगणार?

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना निवांतपणे एवढंच विचारा, की तुम्हाला पहिल्यांदा कधी आणि कसं कळलं होतं? आमच्या पालकसभेत मी आज्यांना हे मुद्दाम विचारते. कुणी विहिरीवर होत्या, कुणी शेतात, कुणाला वाटलं आता आपण मरणार. घरी आल्यावर कावळा शिवला म्हणून बाजूला बसवलं, काय काय करायचं नाही ते सांगितलं, पुढे ओटी भरली; आपल्याला झालंय काय, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. हे बोलून झाल्यावर नातीला सत्राला बसवायला विरोध करणारी आजी मला क्वचितच भेटली आहे.

आता चौथीत नक्की काय शिकवतात ते सांगते, कारण पालक बहुधा नको ते डोळ्यांसमोर आणतात. युनेस्कोच्या लैंगिक शिक्षणावरच्या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ५ ते ८ आणि ९ ते १२ असे वयाचे वेगळे गट आहेत आणि प्रत्येक गटाला झेपेल तेवढंच सांगायचं असतं. आमच्या वर्गात शरीराच्या अवयवांची खरी नावं येतात, घाम-पुरळ-केस येतात, आवाज फुटणं येतं, पाळी येते, मैत्री आणि भांडण येतं, नको असलेला स्पर्श येतो.

मी वर्गात एक खोकं ठेवते. मुलं नाव न लिहिता त्यात चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याला काही विचारायचं नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे कोणी विचारलं ते कळत नाही. ‘पाळीत सगळं रक्त संपून जातं का?’ हा प्रश्न हमखास असतो. मी पेल्यात पाणी घेऊन दाखवते: संपूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे जेमतेम दोन-तीन मोठे चमचे. ते पाहिल्यावर मुलींचे चेहरे सैलावतात. ‘बाळ पोटात असताना त्याच्या अंगावर आईचं जेवण पडतं का?’ हाही आवडता प्रश्न. त्यावर जठर वेगळं, गर्भाशय वेगळं, अशी फळ्यावर आकृती काढली की मुलांचं समाधान होतं. मोठी माणसं ज्या प्रश्नाला भितात, तो मुलांच्या मनात त्या वयात बहुतेक वेळा नसतोच. आणि असलाच, तर ‘आईच्या शरीरातलं बीज आणि बाबांच्या शरीरातलं बीज एकत्र आलं की बाळ तयार व्हायला सुरुवात होते’ एवढं खरं उत्तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पुरतं. ‘देवाने दिलं’, ‘दवाखान्यातून आणलं’ असं सांगू नका. आपल्याला खोटं सांगितलं हे मुलांना लवकरच कळतं आणि पुढचा प्रश्न ती तुम्हाला विचारत नाहीत.

मुलगे-मुली एकत्र का, हा तुमचा खरा प्रश्न दिसतोय. माझं मत स्पष्ट आहे: मूळ माहिती एकत्रच द्यावी, आणि पॅड कसं लावायचं, किती तासांनी बदलायचं अशा गोष्टींसाठी मुलींना नंतर वेगळा वेळ द्यावा. पाळी म्हणजे काय हे ज्या मुलाला बाईंनी सरळ शब्दांत सांगितलंय, तो सहावीत मुलीच्या फ्रॉकवरचा डाग पाहून हसत नाही. उलट स्वतःचा स्वेटर काढून तिला कमरेला बांधायला देणारे मुलगे मी पाहिलेत. मुलग्यांची तर आपण फारच हेळसांड करतो. आवाज मध्येच चिरकतो, छाती थोडी फुगते, पुढे झोपेत वीर्य बाहेर येतं, आणि यातलं काहीच घरात कुणी बोलत नाही. मग ती पोरं मोठ्या मुलांकडून किंवा मोबाइलवरून भलतंच शिकतात.

नात्यांचा भाग पालकांना किरकोळ वाटतो, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चौथीतच नावांची अक्षरं खोडत, दोघांचं जुळतं का ते पाहायचा ‘फ्लेम्स’ हा खेळ सुरू होतो, फळ्यावर बदामात दोन नावं लिहिली जातात, आणि ज्यांची नावं असतात ती दोघं एकमेकांशी बोलायचीच बंद होतात. चांगली मैत्री अशी तुटते. कुणी आवडणं म्हणजे काय, चिडवल्यावर कसं वाटतं, समोरच्याने नको म्हटलं की लगेच थांबायचं, हे याच वयात मनात बसतं. आणि ते घरातही लागू होतं बरं का. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’ म्हणून लेकराला पुढे ढकलू नका. नमस्कार पुरे.

हे मी कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा १३ राज्यांतला अभ्यास आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम थांबला. पुढे २०१२ मध्ये लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला, तो मुलगे-मुली दोघांनाही लागू आहे. पण आधी मुलाला जे झालं ते सांगता तर आलं पाहिजे. बहुतेक प्रकरणांत त्रास देणारा माणूस ओळखीचाच असतो. म्हणून अवयवाचं नाव, ‘नाही’ म्हणण्याची सवय आणि सांगितल्यावर आई रागावणार नाही ही खात्री, या तिन्ही गोष्टी तिच्याकडे हव्यात. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांकही तिला पाठ करून घ्या.

शाळेला मात्र काही गोष्टी नक्की विचारा. सत्र कोण घेणार, वर्गशिक्षिका हजर असतील का, दाखवणार ते साहित्य पालकांना आधी पाहता येईल का. अचानक पाळी आली तर शाळेत पॅड कुणाकडे मिळेल, स्वच्छतागृहात पाणी, आतून कडी आणि झाकणाची बादली आहे का. सत्र कितीही छान झालं आणि कडीच नसली, तर मुलगी दिवसभर पाणी न पिता बसेल.

घरी तिला आधी एकदा तुम्हीच सांगा, भाजी निवडताना किंवा केस विंचरताना, अगदी थोडं. आठ वर्षांच्या आतच बदल सुरू झाले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक निकर आणि कागदी पिशवी आतापासूनच ठेवून द्या. आणि पालकसभेला तिच्या बाबांनाही घेऊन जा. एखाद्या दिवशी शाळेतून फोन येईल तेव्हा घरी तेच असतील.