कृषी सल्ला: तळ्याकाठच्या चिखलात टिकतं काय?

मुंबईतली भातखाचरं गेली, पण चिखलाची हौस गेलेली नाही. या वेळी आलेल्या प्रश्नांत खत-औषधांपेक्षा अंगणातल्या तळ्यांचेच प्रश्न जास्त निघाले. त्यातले चार घेतो.

मुलुंडच्या एका ताई लिहितात: "सोसायटीच्या आवारात ८ बाय ५ फुटांचं तळं केलं. काठाच्या ओल्या भागासाठी 'हार्डी' म्हणून पिवळा आयरिस आणि मार्श मॅरीगोल्ड ऑनलाइन मागवले. मार्चपर्यंत बरे होते, मेमध्ये कुजून गेले. पाणी कमी पडलं की जास्त झालं?"

ताई, पाण्याचा दोष नाही. त्या चिठ्ठीवरचा 'हार्डी' शब्द थंड मुलखातला आहे. तिथे हिवाळ्यात तळं गोठतं. गोठलेल्या चिखलात मुळं जगवून जे झाड पुन्हा फुटतं, ते हार्डी. अशा झाडांना थंडीतली झोप हवी असते. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता तो १९६२च्या जानेवारीत, आणि अजून लोक त्याची आठवण काढतात. आपल्याकडे झोप न मिळालेलं झाड मेच्या तापलेल्या चिखलात तग धरत नाही.

मुंबईत चिवट कोणाला म्हणायचं? जे जूनपासून चार महिने ओल्यात उभं राहतं, आणि मेमध्ये तुम्ही गावी गेल्यावर काठाचा वाफा आठवडाभर सुकला तरी कंदात जीव धरून बसतं. म्हणून नर्सरीत जुलैमध्ये जाऊ नका. जुलैत इथे काठीही रुजते. एप्रिलच्या शेवटी जा, तेव्हा ज्याचा कोंभ हिरवा दिसेल ते हेरून ठेवा, आणि लावा मात्र पहिल्या चांगल्या पावसानंतर.

माझी पहिली पसंती सोनटक्का. आल्याच्या कुळातला, ओलीचा भुकेला. कंद पाण्यात बुडवायचा नाही. तो पातळीच्या चार बोटं वर राहावा, मुळं आपणहून खाली ओल शोधतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की पावसाळ्याच्या उत्तरार्धात असा फुलतो की तळमजल्यावरच्यांना अगरबत्ती लावायला नको. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापा, म्हणजे बाजूच्या कोंभांना जागा होते. दुसरा वेखंड. हा बोटभर पाण्यातही चालतो. उन्हाळ्यात पात पिवळी पडली म्हणून उपटू नका, कंद जिवंत असतो. (घरचं वेखंड आलं म्हणून बाळाला उगाळून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.) भर उन्हाची जागा असेल तर कर्दळ, आणि काठाचं प्लास्टिक झाकायला ब्राह्मी. तिचे वीतभर तुकडे चिखलात नुसते दाबले तरी पुरे.

अळू लावायला हरकत नाही, काळ्या देठाचं लावलंत तर वड्याही होतील. मात्र तळ्यात गटाराचं किंवा गाड्या धुतलेलं पाणी येत असेल तर ते अळू फक्त बघायचं.

रामबाण, म्हणजे तपकिरी कणसांचं पाणकणीस, फोटोत फार देखणं दिसतं. ८ बाय ५च्या तळ्यात तो दोन पावसाळ्यांत तळंच गिळतो, आणि त्याचे टोकदार कोंभ प्लास्टिकला भोक पाडतात. जलपर्णी तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आता काठाचा चिखलवाफा. भाताची चिखलणी का करतात? माती कालवून तिची भोकं बुजली की पाणी खाली झिरपत नाही. इथे ते काम प्लास्टिकचा कागद करतो. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद घ्या. तळ्याला लागून दीड फूट खोल खड्डा, त्यात कागद, तळाशी चार बोटं खडी, वर दोन भाग शेतातली चिकण माती आणि एक भाग नदीची जाड वाळू. चौपाटीची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वापरायचंच असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. कागदाला तळाशी भोक नको. कडेला, मातीच्या पातळीखाली चार बोटांवर, दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे वरची माती श्वास घेते. शेणखत जवळपास नकोच. ते तळ्यात उतरलं की पाणी आठवड्यात हिरवं होतं. आणि जादा पाणी बाहेर जायला तळ्याला जाळी लावलेला दोन इंची सांडवा ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तसं रोज होत नाही, पण १०० मिलिमीटरचा दिवस दर पावसाळ्यात येतो आणि त्यात वर छपराचंही पाणी येऊन मिळतं.

गोराईचे एक शेतकरी विचारतात: "भाजीच्या वाडीतला एक तुकडा पाणथळ आहे. अशी रोपं तयार करून विकावीत म्हणतो, पण बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं."

दादा, मग सोनटक्क्याच्या नादी लागू नका, त्याच्या पानांच्या कडा करपतील. नागदवणा मुळातच समुद्रकाठचा, तो मचूळ पाणी सोसतो. ब्राह्मीही बऱ्यापैकी सोसते. या दोघांवर धंदा सुरू करा. एखादा वाफा पागोळ्यांच्या साठवलेल्या पाण्यावर चालवता आला तर त्यात वेखंड करून बघा. तळ्यासाठी रोपं विकणार असाल तर कर्दळीवरची पानं गुंडाळणारी अळी हातानेच वेचा. सायपरमेथ्रिनसारखं औषध मारलेलं रोप गिऱ्हाइकाच्या तळ्यात गेलं तर त्याचे मासे मरतील, आणि तो परत येईल तो भांडायलाच.

दादरहून प्रश्न: "गच्चीवर करता येईल का? आणि डासांचं काय?"

गच्चीचं आधी गणित करा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल तळ्यात नुसतं पाणीच ३०० किलो भरतं. ओली माती त्याहून जड. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. त्यापेक्षा दोन मोठे टब, तेही तुळईच्या वर, भिंतीलगत.

डासांचं म्हणाल, तर नीट केलेल्या चिखलवाफ्यात उघडं पाणी नसतंच, त्यामुळे अळ्या होतात त्या तळ्यात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तळ्यात गप्पी मासे सोडा. नळाचं पाणी आधी दिवसभर उघड्यावर ठेवा, क्लोरीन उडून जातं. तरंगती जलकुंभी काढून टाका, कारण काही डासांच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून श्वास घेतात आणि माशांच्या तोंडी लागत नाहीत. कुंड्यांखालच्या बशा विसरू नका. तळं लखलखीत आणि बशीत अळ्या, असं मी कितीदा पाहिलं आहे, आणि पालिकेची नोटीस बशीवरूनही येते.

शेवटचा प्रश्न बोरिवलीच्या एका कॉलेजकुमाराचा: "कास पठारावरून दवबिंदू आणि सीतेची आसवं आणून वाफ्यात लावली तर?"

नाही. तिथून रोप उचलायला बंदी आहे, आणि उचललंस तरी जगणार नाही. कातळावरच्या बोटभर मातीत अन्न नसतं, म्हणून तर ही झाडं किडे खातात. आपली चिकण माती त्यांना पंगतीचं जेवण होईल, आणि तेच त्यांना बाधेल. शिवाय त्यांचं आयुष्य एका पावसाळ्यापुरतं. सप्टेंबरमध्ये बुकिंग करून पठारावर जा, गुडघे टेकून बघ. चिखल कपड्यांना लागेल तेवढाच घरी आण.