हेगच्या न्यायालयाचा वचक कितपत?

प्रश्न : हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय सुरू होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी युद्धे थांबलेली नाहीत. शिक्षेच्या भीतीने सशस्त्र संघर्ष टळतात, हे म्हणणे मग कितपत खरे मानायचे?

उत्तर : आधी या न्यायालयाची कक्षा पाहू. १९९८ च्या रोम करारातून उभ्या राहिलेल्या आणि २००२ पासून काम करणाऱ्या या न्यायालयापुढे मुख्यतः वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे येतात. युद्ध कोणी पुकारले यापेक्षा माणसांवर काय अत्याचार झाले, हा त्याचा विषय. आक्रमणाचा गुन्हा चालवण्याचा अधिकार त्याला जुलै २०१८ मध्ये मिळाला, पण करारात नसलेल्या देशाच्या नेत्यांविरुद्ध तो सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याखेरीज वापरता येत नाही. परिषदेत नकाराधिकार असलेले अमेरिका, रशिया आणि चीन करारात नाहीतच. तेव्हा बड्या राष्ट्रांची युद्धे हे न्यायालय रोखेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

अत्याचारांना तरी आळा बसतो का? युगोस्लाव्हियाच्या फुटीतून पेटलेल्या युद्धांतील गुन्ह्यांसाठीचे खास न्यायाधिकरण सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्ये स्थापले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातील स्रेब्रेनित्सात सात हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियाई मुस्लिम) पुरुष आणि मुलगे बोस्नियाई सर्ब फौजांकडून मारले गेले. नुसत्या धाकाने हात आवरले जात नाहीत, याला आणखी पुरावा नको. मात्र त्याच महिन्यात राडोव्हान काराजिच आणि राट्को म्लाडिच यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले, आणि त्यामुळे नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील डेटन येथे झालेल्या शांतता वाटाघाटींना बोस्नियाई सर्बांचे हे दोघे म्होरके जाऊ शकले नाहीत. त्यांच्या बाजूने सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच बोलले. काराजिच पुढच्याच वर्षी सत्तेबाहेर गेले, अटक व्हायला मात्र २००८ साल उजाडले. माझ्या मते आरोपपत्राचा खरा परिणाम असा असतो : ज्याला जगाची मान्यता हवी आहे, त्याची वाट ते अडवते.

ज्याला तिची पर्वा नाही, त्याच्यापुढे मात्र न्यायालय हतबल ठरते, कारण न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. मार्च २००९ मध्ये पश्चिम सुदानमधील दार्फुर प्रांतातील गुन्ह्यांसाठी सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर अटक वॉरंट निघाले, तेव्हा त्यांनी तेरा परदेशी मदतसंस्थांची देशातून हकालपट्टी केली. त्याची झळ बसली ती छावण्यांतील निर्वासितांना. पुढे २०१५ मध्ये ते करारातील सदस्य असलेल्या दक्षिण आफ्रिकेत जाऊन सुखरूप परतले.

याउलट कोलंबियात एकही वॉरंट न काढता बरेच साधले. तेथे सरकार आणि बंडखोर यांच्यात दीर्घ सशस्त्र संघर्ष चालू होता; तेथील परिस्थितीची प्राथमिक पडताळणी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाने (खटले चालवणाऱ्या विभागाने) २००४ मध्ये सुरू केली. देशातील न्यायव्यवस्था स्वतः प्रामाणिकपणे खटले चालवत असेल तर हेगने हात घालायचा नाही, हा रोम करारातील नियम असल्याने, सरकार आणि फार्क ही डावी बंडखोर संघटना यांच्यातील २०१६ च्या शांतता करारात गंभीर गुन्ह्यांना सरसकट माफी देण्याची सोय उरली नव्हती. त्यातून खास शांतता न्यायाधिकरण उभे राहिले. जो सेनानी सत्य सांगून जबाबदारी स्वीकारतो, त्याला तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षे निर्बंधांखाली राहून नुकसानभरपाईची कामे करावी लागतात. पीडितांपैकी अनेकांना ही शिक्षा फारच सौम्य वाटते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण कडक तुरुंगवास समोर दिसत असता, तर शस्त्रे खाली ठेवायला किती जण तयार झाले असते, ही शंकाच आहे. अभियोक्ता कार्यालयाने ही पडताळणी ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद केली, तीही सरकारशी लेखी समझोता करून : ही व्यवस्था खिळखिळी केल्यास फाइल पुन्हा उघडता येईल.