37 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलारिटी (एक लिटर द्रावणातले मोल) पुस्तकात 12 का? मी काढलेली 10.15 का नाही?

तुझी आकडेमोड बरोबर आहे, टक्के मात्र भलत्याच गोष्टीचे धरलेस. बाटलीवर '37 टक्के, डब्ल्यू बाय डब्ल्यू' (वजनाला वजन) असं आहे हे तूच लिहिलंयस. म्हणजे 100 ग्रॅम द्रावणात 37 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. तू ते 100 मिलीत धरलंस, म्हणून लिटरला 370 ग्रॅम, भागिले 36.46 (एका मोलचे ग्रॅम), उत्तर 10.15.

लेबलवर 1.18 ही घनता (एका मिलीचे ग्रॅम) काही शोभेला छापलेली नसते. एक लिटर आम्लाचं वजन 1180 ग्रॅम. त्याचे 37 टक्के म्हणजे 436.6 ग्रॅम. भागिले 36.46, आले 11.97. पुस्तकातले 12 ते हेच.

तुझे 10.15 वाया गेलेले नाहीत बरं का. एक किलो द्रावणात तेवढेच मोल असतात. त्या किलोत पाणी 630 ग्रॅम, म्हणून मोलॅलिटी (एक किलो द्रावकातले मोल) 10.15 भागिले 0.630, म्हणजे 16.1. बाटली एकच, आकडे तीन! म्हणून सूत्र आठवायच्या आधी छेदात काय आहे ते कागदावर लिही: द्रावण की द्रावक, लिटर की किलो. नॉर्मलिटीची (लिटरमागे आम्ल देऊ शकेल तेवढ्या हायड्रोजन आयनांचे मोल) इथे चिंता नको, या आम्लाची ती मोलारिटीइतकीच असते.

आता प्रॅक्टिकल. 250 मिली, 0.1 मोलार हवंय: 0.1 गुणिले 250 भागिले 11.97, म्हणजे 2.09 मिली. तुझ्या हिशोबाने 2.46 मिली घेतलं असतंस तर द्रावण 0.118 मोलार झालं असतं. फ्लास्कमध्ये आधी शंभरेक मिली डिस्टिल्ड वॉटर घे, मग आम्ल सोड. उलटं कधीच नाही. पिपेटला रबर बल्ब लाव, तोंडाने ओढू नकोस, आणि हे सगळं फ्यूम हूडमध्येच. हलवून गार झालं की खुणेपर्यंत पाणी भर. 250 मिली पाणी वेगळं मोजून त्यात आम्ल ओतणारे दरवर्षी भेटतात. आपल्याला 250 मिली द्रावण हवंय, पाणी नव्हे.

त्या 2.09 मधल्या 9 साठी जीव काढू नकोस. बाटली उघडली की वायू उडतो, त्यामुळे लेबलवरचे टक्के अंदाजेच धरायचे. खरा आकडा टायट्रेशनच देतं, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाशी क्रिया करून मोजणं. ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं) गार केलेला निर्जल सोडियम कार्बोनेट 1.325 ग्रॅम तोल, 250 मिलीचं द्रावण कर. ते 0.05 मोलार. त्यातलं 25 मिली घेऊन मिथाइल ऑरेंज (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) टाक, आणि ब्युरेटमधून (खुणा असलेली उभी नळी) तुझं आम्ल सोडत राहा. पिवळ्याचा नारिंगी झाला की थांब, गुलाबी झाला म्हणजे पुढे गेलास. एका कार्बोनेटला दोन आम्ल लागतात, म्हणून आम्ल नेमकं 0.1 असेल तर ब्युरेट 25.0 दाखवेल. समजा रीडिंग 24.6 आलं, तर 2.5 (त्या 25 मिलीला लागणारे आम्लाचे मिलिमोल) भागिले 24.6, म्हणजे 0.1016. मग बाटलीवर 0.1 नाही, 0.1016 लिहायचं, आणि खाली तारीख.