ऑफिसला धोतर नेसून जायचंय? मग हे वाच

पहिल्या आठवड्यात "आज काय, पूजा आहे का?" हा प्रश्न लिफ्टपासून कँटीनपर्यंत ऐकशील. "नाही, आवडतं म्हणून," एवढंच सांग. संस्कृती, खादी, उकाडा अशी कारणं द्यायला लागलास की समोरच्याला वाद घालायला आयतं कोलीत मिळतं. जीन्सवाल्याला कुणी कारण विचारतं का?

लोकांपेक्षा धोतर सांभाळणं अवघड, त्यामुळे आधी सराव घरी. नवं कोरं, खळ असलेलं सुती धोतर सुटत राहतं. दोन-तीनदा धुऊन मग नेस. निऱ्या खोचून कमरेला पातळ पट्टा लाव, कासोटा मागे घट्ट ओढ आणि त्याच अवस्थेत जिना चढून, मांडी घालून, वाकून बघ. आत गुडघ्यापर्यंतची चड्डी हवीच, पांढरं सूत उन्हात पारदर्शक दिसतं. बाइकवर सोगा खोचून घे, सरकत्या जिन्यावर हातात धर. मोबाइलसाठी खिशाचा कुर्ता. (पायात स्पोर्ट्स शूज नकोत रे, कृपा कर.)

महिन्याभरात ऑफिसला सवय होते. नातेवाइकांना नाही होत, सोडून दे.

क्लब, महागडी हॉटेलं इथे मात्र आधी फोन करून विचार. 2014 मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टीमुळे (म्हणजे तिकडचं धोतर) दारात अडवलं होतं. तमिळनाडूने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला, पण तो तिथल्यापुरता. आपल्याकडे दारवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, नियम त्याने केलेला नसतो; मॅनेजरला बोलाव.